गुरुवारची बादली

२२ जानेवारी, गुरुवार. जिन्याखालची सर्व्हरची खोली रिकामी करायची होती. भंगारात काय जाणार त्याची यादी करायची आणि शनिवारी टेम्पो आला की ती टेम्पोवाल्याच्या हातात द्यायची, एवढंच काम. आमचा कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे. प्लास्टिकच्या वस्तूंचे लोखंडी साचे आम्ही बनवतो. साच्यांची सगळी ड्रॉइंगं पूर्वी या खोलीतल्या सर्व्हरवर असायची, गेल्या दिवाळीपासून ती क्लाऊडवर गेली. खोलीत आता फिनेल आणि झाडू राहणार.

मी लिहायला सुरुवात केली. लोखंडी रॅक, एक. सर्व्हर, आठ डिस्कसह, एक. यूपीएस, बंद, एक. टेबलफॅन, पातं तुटलेला, एक. रॅकच्या पायांखालच्या रबरी पट्ट्या, चार. रॅक हलवल्यावर मागे भिंतीशी सुतळीने बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा सापडला. दोनशे पानी, लांब, आखीव. एकूण नऊ. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ड्रॉइंग सेक्शनमधली मुलं त्यांना समोर 'सर' आणि मागून 'गुरुवार' म्हणायची. मी 'साहेब' म्हणायचे, ते मला 'मॅडम'. ऑफिस मी सांभाळायचे, सर्व्हर ते. बारा वर्षं एकाच जिन्याच्या वर आणि खाली काम केलं, पण त्यापलीकडे आमची ओळख गेली नाही.

'गुरुवार' हे नाव पडायला कारण होतं. आमच्या वसाहतीची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट नसते. त्यामुळे आठवड्याचं जे काही अडलेलं असेल ते गुरुवारी दुपारी सगळे एकदम उरकायला घेतात. अकरा जण अकरा संगणकांवरून मोठमोठी ड्रॉइंगं उघडणार आणि सेव्ह करणार. सर्व्हरचा जीव तेव्हा मेटाकुटीला यायचा, आणि नेमकं चार वाजता साहेब गळ्यात स्टॉपवॉच अडकवून वर यायचे.

"रिकाम्या रस्त्यावर रिक्षा कोणीही पळवेल," ते म्हणायचे. "गुरुवारी चार वाजता पळवून दाखवा."

मोजायची वस्तू ठरलेली होती. आम्ही फार पूर्वी एका बादलीचा साचा केला होता, त्याच्या ड्रॉइंगांचं एक जाडजूड फोल्डर होतं. तेच फोल्डर दर गुरुवारी सर्व्हरवरून संगणकावर उतरवायचं, मग संगणकावरून परत सर्व्हरवर चढवायचं. दोन्ही मिळून किती मिनिटं, किती सेकंद, ते वहीत. दुसरं फोल्डर चालायचं नाही. ती बादली बाजारातून केव्हाच गेली होती, पण आमच्याकडे तिचं माप चालू होतं. मुलं विचारायची, "सर, आज बादली कितीला भरली?" साहेब वेळ सांगायचे. ही थट्टा आहे हे त्यांना कळायचं की नाही, मला कधी समजलं नाही.

सर्व्हर मंद चालतो अशी तक्रार घेऊन कोणी गेलं तर संवाद ठरलेला.

"सर, सर्व्हर आज स्लो वाटतोय."

"वाटतं हे माप नाही. किती सेकंद?"

"ते नाही बघितलं."

"मग बघून या. मी इथेच आहे."

'वाटतं हे माप नाही' हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात गेजने भागांची मापं तपासायच्या कामावर होते, घर बुवापाड्याला. केसभर फरक बोटाला कळतो असं म्हणणाऱ्या फिटरला ते गेज लावून खोटा पाडत. निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांची स्मृती जायला लागली. पुढे पुढे भोंगा झाला की रिकामा डबा घेऊन ते गेटवर जाऊन उभे राहायचे, आणि साहेब त्यांना हाताला धरून घरी आणायचे. ही गोष्ट साहेबांनी मला एकदाच सांगितली, तीही यूपीएसचं पाणी तपासता तपासता. "चोपन्नाव्या वर्षी सुरू झालं त्यांचं," म्हणाले, आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन माझ्याकडून मागून घेतला.

दुसरा नियम: आठवड्यात बदल एकच. सर्व्हरमधल्या आठ डिस्क एकत्र जोडलेल्या असतात. एका ड्रॉइंगचे तुकडे करून ते आठांवर वाटले जातात, अशा हिशोबाने की एक डिस्क मेली तरी उरलेल्या सातांवरून ड्रॉइंग पुन्हा उभं राहावं. आता तुकडा केवढा करायचा, मागितलं त्याच्या पुढचं किती आधीच वाचून ठेवायचं, एका वेळी किती जणांचं ऐकायचं, अशा पंधरावीस गोष्टी कमीजास्त करता येतात. बाहेरचे सर्व्हिसवाले येतात ते एका बैठकीत सगळ्या बदलतात. साहेब शनिवारी एक बदलायचे, वहीत लिहायचे, आणि गुरुवारपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचे नाहीत. बादली लवकर भरली तर बदल राहिला, नाही तर शनिवारी मागे.

"दोन औषधं एकदम घेतली आणि ताप उतरला, तर कशाने उतरला?" असं त्यांचं म्हणणं.

छोटे मालक, म्हणजे मालकांचा मुलगा, वैतागायचे. "उतरला ना? मग झालं."

"परत चढेल तेव्हा काय देणार?"

छोटे मालक तोवर जिना चढायला लागलेले असायचे.

त्यांच्या या पद्धतीला मीही हसत असे. पण रबरी पट्ट्यांची गोष्ट सांगायला हवी. एका पावसाळ्यानंतर बादलीचा आकडा काही दिवस चाळीस सेकंदांनी वाढायचा आणि काही दिवस जागेवर यायचा. साहेबांनी तीन आठवडे काहीही न बदलता नुसतं मोजलं. मग एक दिवस मी जिना उतरत होते तर हे पाण्याने भरलेला स्टीलचा पेला रॅकवर ठेवून त्याच्यासमोर उकिडवे बसलेले.

"काय झालं साहेब?"

"पाणी बघतोय."

मी पुढे गेले. कोण विचारत बसणार. दोन दिवसांनी कळलं की शेजारच्या युनिटमध्ये भिंतीला लागून नवा पॉवर प्रेस बसला होता. प्रेसचा ठोका पडला की पेल्यातलं पाणी थरथरायचं आणि आठही डिस्कच्या सुया जागेवरून चळायच्या. साहेबांनी कन्व्हेयरचा जुना पट्टा कापून त्याच्या चार पट्ट्या रॅकच्या पायांखाली घातल्या. वाढलेले चाळीस सेकंद गेले. वहीत नोंद आहे: 'बदल: रबर. कारण: शेजारी.' शाबासकी मागायला ते वर आले नाहीत, आणि मीही खाली जाऊन दिली नाही.

मग बॅटरी गेली. हे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिस्क सांभाळणारं एक कार्ड सर्व्हरमध्ये असतं. त्याला स्वतःची थोडी मेमरी असते. आपण ड्रॉइंग सेव्ह केलं की कार्ड ते आधी मेमरीत घेतं, 'झालं' म्हणून सांगतं, आणि डिस्कवर सवडीने लिहितं. म्हणून काम झटपट झाल्यासारखं होतं. साहेब सांगायचे, "आवक खिडकीवरचा क्लार्क असतो ना, तसं. अर्ज घेतो, पोच देतो, अर्ज खणात टाकतो. तुम्ही पोच घेऊन घरी. खण जळाला तर पोच आहे, अर्ज नाही." लाईट गेली तरी तो खण जिवंत राहावा म्हणून कार्डावर एक छोटी बॅटरी असते. ती मेली. साहेबांनी त्याच दिवशी ती मेमरी बंद केली. आता प्रत्येक ड्रॉइंग थेट डिस्कवर लिहिलं जायचं. बादली दोन मिनिटं चाळीसवरून सहा मिनिटं पन्नासवर गेली. ड्रॉइंग सेक्शनमध्ये शिमगा झाला.

आमच्या कार्डाची बॅटरी कंपनीने बनवायची थांबवली होती. म्हणून एका शुक्रवारी आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो, मी कारखान्याचं पत्र घेऊन आणि साहेब खिशात किराणा दुकानातला छोटा काटा घेऊन. तीन नंबरच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडे ती बॅटरी निघाली.

"एकदम ओरिजिनल, साईं. सील देखो."

साहेबांनी सील पाहिलं नाही. काटा काढला आणि बॅटरी त्याला लावली. "ग्यारह ग्राम कम है."

"नया माल हलका आता है."

"सेल हलका आता है या सेलच कमी डाला है?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इनको कम्प्यूटर में लगानी है के तराजू में?"

साहेबांनी दोन घेतल्या आणि आठवडाभर टेबलावर लावून तपासल्या. तीन दिवस टिकायची ती बॅटरी चाळीस मिनिटांत बसली. पुढच्या शुक्रवारी ते एकटेच परत उल्हासनगरला गेले, पण बॅटऱ्या परत करायला नाही. चाळीस मिनिटं हा आकडा दुकानदाराला सांगायला. त्याला ठाऊक असावं म्हणून. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "साईं, तुम्हारे जैसे दस ग्राहक आए तो मैं शटर गिरा दूँ." हे साहेबांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नोंद म्हणून सांगितलं.

त्यानंतर नऊ महिने ते त्या मेमरीशिवाय बादली खाली आणत राहिले. कधी चार सेकंद, कधी सात. सहा पन्नासवरून पाच पंचावन्न झाली. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मोठं काम काढलं. सगळी ड्रॉइंगं बाहेर काढून ठेवली, आठ डिस्कची जुनी रचना मोडली आणि तुकड्याचा आकार बदलून नव्याने बांधली. एकटे चार दिवस बसले होते. यातून मिनिटभर तरी निघेल असा त्यांचा अंदाज होता. कारखाना उघडला आणि सोमवार ते बुधवार त्यांनी रजा घेतली. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

त्या सोमवारी काय झालं ते मी पुढे कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं बुधवार संध्याकाळपर्यंत जायची होती. एक सेव्ह करायला पन्नास सेकंद लागत होते आणि दिवसाला शेकडो सेव्ह. दुपारी छोटे मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचे ते हिमालयातले साधू रजेवर आहेत. तुम्ही काही करू शकता का ते बघा, नाही तर ऑर्डर गेली समजा." घर तेव्हा माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. ऑर्डर गेली तर वरच्या मजल्यावरून पहिली कोण जाईल हे मला ठाऊक होतं.

सर्व्हरचा पासवर्ड माझ्या कपाटात होता. साहेबांनी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून तो मला दिला होता. "आग लागली तरच," म्हणाले होते. मी ओळखीच्या एका सर्व्हिसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बॅटरी गेली म्हणून बंद ठेवलंय? मॅडम, कोण ठेवतं? ऑन करा, वॉर्निंग येईल, येस म्हणा." मी साडेतीन वाजता चहाच्या किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं. खाली गेले, तो फोनवर सांगत गेला तसं करत गेले, येस म्हणाले. वर आले तोवर ड्रॉइंग सेक्शनमध्ये टाळ्या वाजत होत्या. पाकीट डिंकाने परत चिकटवलं. सही जिथल्या तिथे जुळली. माझा हात स्थिर आहे.

बुधवारी संध्याकाळी परत बंद करायचं ठरवलं होतं. पण बुधवारी सात वाजेपर्यंत ड्रॉइंगं जात होती, मध्येच कसं बंद करणार. म्हटलं, उद्या साहेब आले की सांगू. फोन करता आला असता. दवाखान्यात आहेत, कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं.

गुरुवारी मी दुपारपर्यंत मालकांच्या केबिनमध्ये अडकले. चार वाजता बाहेर आले तर साहेब बादली मोजत होते. एकदा मोजली. स्टॉपवॉच हातात धरून बघत राहिले. पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. दोन मिनिटं पाच सेकंद. इतकी कमी कधीच झाली नव्हती, ती मेमरी चालू होती तेव्हासुद्धा नाही. मला कारण कळत होतं. नऊ महिन्यांचे त्यांचे सेकंद आणि माझं एक येस, दोन्हींची ती बेरीज होती.

वही उघडी धरून ते माझ्यापाशी आले. "मॅडम, बघा."

मी पाहिलं.

"एवढं येईल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "पण वाटतं हे माप नाही."

त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेवढ्यात छोटे मालक आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मानलं सर तुम्हाला." साहेब खाली गेले ते थेट स्टेशनजवळ जाऊन पेढे घेऊन आले, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवला. माझ्या टेबलावर दोन ठेवले. मी म्हणाले, "छान झालं." मी एवढंच बोलले.

शनिवारी सांगेन म्हटलं. शनिवारी त्यांनी कार्डाच्या सेटिंगकडे पाहिलं नाही. जे आपण बदललंच नाही ते कशाला बघायचं. इशारा देणारा पिवळा दिवा तर बॅटरी गेल्यापासून लागलेलाच होता. मंगळवारी दुपारी बाराला लाईट गेली आणि यूपीएस दोन मिनिटांत बसला. साहेब जेवणाचा डबा तसाच टाकून जिन्याकडे धावले, पण पोचेपर्यंत सर्व्हर बंद झाला होता. खणातले अर्ज गेले. लाईट आल्यावर सर्व्हर उठला, पण कुठलं ड्रॉइंग कुठे आहे ते त्याला सांगता येईना. गुरुवारची प्रत साहेबांनी काढलेली होती, म्हणून त्याआधीचं सगळं वाचलं. शनिवार ते मंगळवारचं अकरा जणांचं काम गेलं, आणि त्यात त्या गिऱ्हाइकाने सुचवलेल्या दुरुस्त्या होत्या. गिऱ्हाईक थांबलं नाही.

साहेब खोलीत दहा मिनिटं एकटे होते. मग वर आले. चेहरा नेहमीसारखाच.

"मॅडम, ते पाकीट आहे ना?"

मी कपाटातून काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं. सहीवरून अंगठा फिरवला. उलटसुलट केलं. मला आठवतंय, मी तेव्हा पंख्याकडे बघत होते.

"मग मीच," ते म्हणाले, आणि पाकीट परत दिलं.

दिवाळीत नवी रचना बांधताना ती मेमरी चालू की बंद असा प्रश्न येतो. त्यांनी वहीत लिहिलं होतं, 'बंद. पाहिले.' पुढे बरोबरची खूण. मशीन म्हणत होतं, चालू. पाकीट शाबूत होतं. तिसरा माणूस कोणी नव्हता. म्हणजे जे पाहिलं नाही ते आपण पाहिलं म्हणून लिहिलं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या जागी कोणत्याही हिशोबी माणसाने तेच ठरवलं असतं.

मालकांनी त्यांना काढलं नाही. छोटे मालक बोलले, ते पोटात घेण्यासारखं होतं. पण त्यानंतर साहेब सर्व्हरवर काही करायच्या आधी वरून कोणाला तरी बोलावून न्यायचे. "या, मी काय दाबतोय ते बघा. मोठ्याने वाचा." मग वहीत त्याची सही घ्यायचे. मुलांना गंमत. "गुरुवारला आता करवली लागते," असं म्हणायचे. एकदा मलाही बोलावलं. मी गेले, वाचलं, सही केली. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. मी लवकर निघालेलं बरं." मी म्हणाले, "असं काही नसतं, साहेब." ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं."

त्याला आठ वर्षं झाली. मी वाईट बाई नाही असं इथे लिहिणार होते, पण ते वाटणं झालं.

तर त्या नऊ वह्या. आठ मी गठ्ठ्यातच ठेवल्या, नववी उघडली. मंगळवारच्या पानावर सगळा प्रकार त्यांच्या पद्धतीने लिहिलेला आहे, वेळ, दिवे, आकडे. शेवटी दोन ओळी. 'मी केले नाही असे वाटते. वाटते हे माप नाही.'

पुढच्या पानांवर दर गुरुवारी बादली आहेच, आणि तिच्या खाली नवा रकाना आखलेला. 'सकाळी काय खाल्ले: पोहे. घरी विचारले: पोहे. बरोबर.' 'वीस शब्द पाठ केले. तासाने आठवले: सतरा.' 'काल रिक्षावाल्याचा शर्ट: निळा. पडताळा नाही.' 'वीस शब्द: सोळा.' 'दाराला कुलूप लावले असे वाटले. परत जाऊन पाहिले. लावले होते.' 'परत जाऊन पाहिले.' 'परत जाऊन पाहिले.' एका पानावर नुसतं: 'बाबा: ५४. मी: ४७.' आठवड्यात बदल एकच, बाकी काही न हलवता, ज्या रीतीने ते आठ डिस्क मोजत होते त्याच रीतीने स्वतःला मोजत होते. आणि ज्या आकड्यावरून मोजायला सुरुवात केली तोच आकडा माझा होता.

शेवटचं पान निरोपाच्या दिवसाचं. वही कंपनीची म्हणून इथेच ठेवून गेले. मी वही पिशवीत घातली, यादी पुरी केली, कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. सकाळी नऊला रिक्षाने कात्रपला गेले. साहेबांचा पत्ता ऑफिसच्या जुन्या फाईलमध्ये होता. तिसरा मजला. दार वहिनींनी उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर एक कागद टाचलेला होता: गॅस, गीझर, नळ, किल्ली, आणि पुढे तारखांचे रकाने. प्रत्येक चौकोनात वहिनींची सही.

माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली. हळू आवाजात म्हणाल्या, "ते स्वतः बघतात, पण खरं मी बघितलं तरच. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहेत. हे म्हणतात, डॉक्टरांना तसं वाटतं."

साहेब आतून आले. केस पांढरे झालेत, बाकी तेच. "या," म्हणाले. मग वहिनींकडे वळून, "मॅडमच ना?"

"हो, मॅडमच."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. वही पुढे केली. त्यांनी मध्ये कुठे तोडलं नाही.

"वार?"

"सोमवार. दुपारी साडेतीन."

"पाकीट?"

"किटलीच्या वाफेवर उघडलं. डिंकाने चिकटवलं."

ते वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या आठवड्यात बदल दोन झाले," ते म्हणाले.

"हो."

"मग माझा कितीचा होता?"

मला माहीत नव्हतं. आता ते कोणालाच कळणार नाही. मी सांगितलं की सर्व्हर बंद आहे, उद्या टेम्पो येतोय. त्यांनी मान हलवली. मग वहिनींना जवळ बोलावलं.

"मॅडम काय म्हणाल्या ते तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय म्हणाल्या?"

वहिनींनी सांगितलं, पहिल्यापासून. सोमवार, किटली, डिंक. सांगताना माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग लिहा. तुमच्या अक्षरात." त्यांनी मंगळवारचं पान उघडून पेन माझ्या हातात दिलं. त्या दोन ओळींच्या खाली जागा होती. मी लिहिलं: बदल, मेमरी चालू. कोणी, मी. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. त्यांनी ते दोनदा वाचलं, पान वहिनींसमोर धरलं आणि साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतली.

"आता उद्या सकाळी मला विचार, आज कोण आलं होतं आणि काय सांगून गेलं," ते वहिनींना म्हणाले. "मी काय सांगतो ते लिही. परवाही विचार."

टेबलावरची पट्टी उचलून वहिनी दारापाशी गेल्या आणि किल्लीच्या खाली नवी ओळ आखायला लागल्या. कागद पुठ्ठ्यावर सरकत होता, पट्टी हलत होती. मी पुढे जाऊन तिचं दुसरं टोक धरलं.